कापडाखालचा हात

बैलांच्या बाजारात भाव तोंडाने सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा समोरासमोर उभे राहतात, एकजण आपला दुपट्टा दोघांच्या हातांवर टाकतो, आणि पुढचे सगळे त्या कापडाखाली बोटांनी चालते. भाव मान्य नसला तर हात उघडा सोडायचा. मान्य असला तर समोरच्याची बोटे मुठीत घट्ट बंद करायची, की सौदा झाला. भोवती कितीही गर्दी असो, लोकांना नुसता दुपट्टा हललेला दिसतो. तोंडाने काय वाटेल ते बोलावे. बैल म्हातारा आहे, डोळ्यात फूल पडले आहे, हा भाव दिला तर बायको घरात घेणार नाही. तोंडचे खोटे आमच्यात खोटे धरत नाहीत. पण कापडाखाली हाताने खोटे सांगितलेला माणूस पुन्हा कोणत्याही बाजारात उभा राहू शकत नाही.

या धंद्यात माझे आयुष्य गेले. माणसाचा चेहरा मी विसरतो, हात विसरत नाही. डोळे बांधून मला नागपूरच्या बाजारात उभे करा, कोण समोर आले ते हात हातात येताच सांगेन. असे असताना एका हाताचा निकाल मला कित्येक वर्षे लावता आला नाही. तो पेंच नदीत माझ्या हातात आला होता. त्याच दिवसापायी मी सख्ख्या बहिणीच्या घरचे पाणी सोडले.

मला आयुष्यात कोणी काही दिले नाही. बाप लवकर गेला. दुसऱ्यांच्या ढोरांमागे धूळ खात मी या गावाहून त्या गावाला चालत राहिलो. इतवारीत आज जे घर आहे त्याची वीट न् वीट मी घासाघीस करून आणली आहे, आणि गवंडी अजून मला शिव्या देतो. तरी देणाऱ्यांत एक माणूस धरावाच लागतो. तो म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचा नवरा, भाऊजी. बैल कसा पाहायचा, कुठे हात फिरवायचा, कुठे गप्प बसायचे, हे त्यांनी शिकवले. ते स्वतः एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याच्या हाताखाली तयार झाले होते. त्या उस्तादाला मी पाहिले नाही. माझ्या येण्याआधीच तो गेला होता, आणि भाऊजी त्याच्याबद्दल कधी बोलत नसत.

भाऊजींची एक लकब होती. कापडाखाली हात गेला की भाव सांगण्याआधी ते समोरच्याच्या तळव्याच्या खळग्यात अंगठ्याने एकदाच दाबत. दुसरा कोणताही व्यापारी असे करत नसे.

"हे काहून करता भाऊजी?" मी एकदा विचारले.

"दार वाजवल्याशिवाय कोणाच्या घरात शिरत नसतात गा," ते म्हणाले.

पुढे आम्ही भागीदारीत आलो. भांडणेही झाली, आणि ती बहुतेक मीच केली. माझा स्वभाव तापट आहे, हे सांगण्यासाठी साक्षीदार लागणार नाही.

त्या वर्षी रामनवमी होऊन गेली होती. शिवनीकडच्या डोंगराळ भागात गवळ्यांच्या एका गावात चांगले गोऱ्हे निघणार, अशी खबर होती. बाकीचे व्यापारी गाडीरस्त्याने जाणार होते. तो रस्ता लांब वळसा घेतो. पारशिवनीच्या पुढून नदीच्या पात्रातून वर गेले तर दुपार ढळता ढळता गाव गाठता येत होते आणि आधी निवड करता येत होती. चैतात पेंचेला पाणी कितीसे असणार? मधेमधे डोह, आणि बाकी सगळे पात्र दगडांचे. हत्तीएवढाले गुळगुळीत धोंडे, एकावर एक रचलेले. एकावरून दुसऱ्यावर उडी मारायची, कुठे बसून घसरायचे, कुठे हातापायांनी चढायचे. ही वाट मी सुचवली. भाऊजी आधी नको म्हणाले, कारण सांगितले नाही, आणि मग आले.

निघाल्यापासून मी बोलत होतो. आधीच्या बाजारात एका विधवा बाईच्या बैलजोडीचा भाव मी चांगला उतरवत आणला होता. तेवढ्यात भाऊजींनी "पाहू दे मले" म्हणून आपला हात कापडाखाली घातला आणि मी सांगितलेल्या भावाच्या वर मूठ बंद केली. माझ्या डोळ्यांदेखत.

"तुम्हाले दया करायची असंन तं धर्मशाळा काढा," मी म्हणालो. "बैल काहून घेता?"

"धर्मशाळेत तूच पहिले येऊन झोपशीन. फुकट हाय म्हून."

"मले हसवू नका."

"हसू नको. पण तो जोडा काढ पायातला. या दगडाले चामडं चालत नाही."

जोडा नवा होता, नागपूरहून मुद्दाम केलेला. मी म्हणालो, "काढून ठेवला तं माकडं घालून जातीन."

"माकडं शहाणी असतात, साळेबुवा. ते नदीत जोडा घालत नाहीत."

मला राग आला. मी म्हणालो, "माह्यापुढं चालू नका. मले तुमचं तोंड पाह्याचं नाही."

"पुढं चालणाऱ्याचं तोंड दिसते काय गा?" असे म्हणून ते अनवाणी पायांनी भराभर पुढे गेले. त्यानंतर आम्ही बोललो नाही. आमच्यात आधी एका धोंड्याचे अंतर होते, मग पाच-सहांचे झाले. एक वळण आले की ते दिसेनासे व्हायचे, मग पुन्हा पाठ दिसायची.

आभाळ सकाळपासून धुतल्यासारखे होते. दगड इतके तापले होते की हात टेकवत नव्हता. नदी जिथे दोन टेकड्यांच्या मधून अरुंद होते तिथे एक काळा डोह आहे. तिथे पोचलो आणि वारा थांबला. पाखरांचा आवाज बंद झाला. पाठीमागून, म्हणजे ज्या बाजूने पाऊस यायला नको त्या बाजूने, टेकडीवर एक काळी कड चढली. मी तिच्याकडे पाहतो आहे तोवर ती डोक्यावर आली.

आधी गारा आल्या. बोराएवढ्या, मग आवळ्याएवढ्या. तापलेल्या दगडांवर पडून त्या उडत होत्या आणि वाफ निघत होती. दुपारी दिवेलागणीसारखा अंधार झाला. मी दुपट्टा डोक्यावर घेतला. पुढच्या धोंड्यावर पाय टाकला, नवा जोडा ओल्या दगडावरून सुटला आणि मी दोन धोंड्यांच्या फटीत गेलो. डावा पाय पोटरीपर्यंत खाली अडकला. कमरेपर्यंत मी फटीत, वरचे अंग दगडावर, आणि दुपट्टा ओला होऊन माझ्या पसरलेल्या हातावर चिकटलेला.

तेव्हाही मी घाबरलो नव्हतो. चिडलो होतो. मग नदीच्या वरच्या बाजूने आवाज आला, शंभर गाड्या दगडी पुलावरून एकदम धावाव्यात तसा. आणि आवाजाच्या आधी वास आला, ओल्या मातीचा आणि सडलेल्या पानांचा. वर डोंगरात आधीच केव्हापासून पाऊस पडत असणार.

मी हाक मारली, "भाऊजी."

ते पुढे काठाला लागले होते, चढणीवर. त्यांनी वळून पाहिले. गारांच्या पडद्यातून मला त्यांचे तोंड स्पष्ट दिसले, आणि त्यांनी मला पाहिले हेही दिसले. ते तिथे थबकले. मग फिरले आणि हातापायांनी टेकडी चढून पलीकडे, गावाच्या बाजूला गेले.

पाणी लाल होते आणि बर्फासारखे थंड. ते मांड्यांना लागले, मग छातीला. मी पाय ओढला, पाय येईना. गारा तोंडावर बसत होत्या म्हणून मी डोळे मिटून घेतले. पाणी हनुवटीला लागले तेव्हा मी बहुतेक शिव्या देत होतो. देवाचे नाव घेतल्याचे मला आठवत नाही.

आणि दुपट्ट्याखाली, माझ्या पसरलेल्या हातात, एक हात आला.

वरून नाही, कापडाच्या कडेखालून आला, बाजारात येतो तसा. माझ्या तळव्याच्या खळग्यात अंगठा एकदाच रुतला. मग त्याने मनगट धरले आणि ओढले. माझा पाय जोड्यातून निघाला, जोडा तिथेच राहिला. मी दगडावर पालथा पडलो. हाताने मनगट सोडले.

डोळे उघडले तेव्हा धोंड्यावर कोणी नव्हते. पांढऱ्या गारांचा थर होता आणि त्यावर माझ्याशिवाय कोणाच्याही अंगाची खूण नव्हती. ते मी फार वेळ पाहत बसलो नाही. पाणी चढत होते. मी सरपटत काठ गाठला, एका कपारीत पाऊस उतरेपर्यंत बसलो आणि मग लंगडत गावाकडे गेलो.

भाऊजी गवळ्याच्या ओसरीत शेकोटीजवळ बसले होते. अंगावर कोणाचे तरी कोरडे धोतर होते. मला पाहून ते उठले आणि पुन्हा बसले.

"तुम्ही परत आले होते काय?" मी विचारले. मला वाटले, त्यांना वेगळी वाट माहीत असेल, माझ्या आधी पोचले असतील.

"नाही," ते म्हणाले.

घरधनी म्हातारा मधेच बोलला, "हे तं गारा पडून राहिल्या होत्या तवाच आले जी. तवापासून इथंच बसले हायेत. शेकोटी सोडून हालले नाहीत."

"थंडीनं," भाऊजी म्हणाले.

"तुम्ही मले पाह्यलं होतं," मी म्हणालो.

"पाह्यलं."

"मंग?"

ते शेकोटीत पाहत राहिले. म्हणाले, "सांगून फायदा नाही."

एवढे एक वाक्य. रागावले असते, खोटे बोलले असते, पाय धरले असते, तर काहीतरी घासाघीस झाली असती. पण समोरचा भावच सांगत नाही तिथे मी काय करणार? सकाळी गोऱ्हे न पाहताच मी गाडीरस्त्याने अनवाणी परत निघालो. भागीदारी मोडली. काटोलला बहिणीच्या घरी पाऊल टाकणार नाही, असे मी चारचौघांत बोललो आणि पाळले.

बहीण भाऊबीजेला माझ्याकडे येत राहिली. ओवाळायची, जेवायची, आणि निघताना म्हणायची, "एकदा घरी ये बाबू."

"तुह्या घरी माणूस नाही वं बाई," मी म्हणायचो. "पाठ हाय नुसती."

ती टांग्यात बसायची.

राग मला पेलत होता. तो माझा नेहमीचाच माल आहे. पेलत नव्हता तो हात. दुसऱ्या वर्षी मी त्या गावी मुद्दाम गेलो, घरोघर विचारले, त्या दिवशी नदीत कोण होते. कोणी नव्हते. गारा लागताच सगळे ढोरे घेऊन घरात होते. आणि कोणी लाकूडतोड्या असताच तर त्याला तो अंगठा कुठून ठाऊक? हात भाऊजींचा होता. भाऊजी शेकोटीजवळ होते. यातले एक खोटे असायला हवे होते, आणि दोन्हींना मी स्वतः साक्षीदार होतो. कपारीत बसलो तेवढ्या वेळात त्यांनी गाव गाठले असेल, असेही धरून पाहिले. पण म्हाताऱ्या गवळ्याला माझ्याशी खोटे बोलायचे काय कारण होते?

पुढे बाजारात नवा माणूस समोर आला की दुपट्टा टाकल्यावर मी आधी भाव ऐकत नसे. तळव्यात अंगठा येतो का ते पाहत असे. आभाळ आले, गारठा सुटला, की मी सौदा करत नसे. लोकांना वाटे, हा भाव पाडायला थांबला आहे. वाटू दिले. अशा वेळी माझे उजवे मनगट कोपरापर्यंत थंड पडते. वैद्य झाले, सिव्हिल सर्जन झाला. त्यांना तिथे काही सापडले नाही.

मग एका भाऊबीजेला बहीण ओवाळता ओवाळता म्हणाली, "तुह्या भाऊजीले आता दिसत नाही. बाजार सुटला."

मी ओवाळणी ताटात टाकली.

"तुहं नाव काढत नाहीत ते. पण गारा पडल्या का आंगणात जाऊन उभे राहतात. डोक्याले खोक पडली यंदा. ओढून आणलं म्या."

ती गेल्यावर त्या बोलण्याने मला बसू दिले नाही. हिशोब पटकन बसवायची मला सवय आहे, आणि हा बसत नव्हता. ज्याने कोणाला पाठ दाखवली, तो गारांत कशाला उभा राहील?

चार दिवसांनी मी काटोलच्या मोटारीत बसलो. मोटारीत संत्र्याच्या टोपल्या माणसांपेक्षा जास्त होत्या. दुपारी पोचलो. भाऊजी पडवीत खाटेवर बसले होते. डोळ्यांवर दुधासारखी साय आली होती. माझी चाहूल लागताच त्यांनी मान वर केली.

"जोडा घालून आला काय गा?" ते म्हणाले.

"तुम्हाले कसं समजलं?"

"वाजते ना. नवा हाय."

बहीण चहा टाकायला आत गेली. मी खाटेच्या दुसऱ्या टोकाला बसलो. तोंडाला येईल ते बोलायचे ठरवून आलो होतो, पण तेच आधी बोलले.

"तुह्याजवळ माणूस होता."

"कुठं?"

"नदीत. म्या वळून पाह्यलं तवा. तुह्या धोंड्यावर पालथा होता, हात खाली सोडून. पांढरं पागोटं. म्या तेच पागोटं पाण्यात जाताना पाह्यलं होतं, त्याच डोहात, तू धंद्यात येण्याच्या कितीतरी वर्षं आधी. माहा उस्ताद."

मी त्यांच्याकडे वळून बसलो.

"ढोरं पार करून राहिलो होतो आम्ही. असंच आभाळ आलं. म्या काठावर होतो. त्याचं अंग बी नाही सापडलं." मग ते म्हणाले, "अन् तो तुह्यावर वाकलेला दिसला. माहे पाय पळाले. म्या नाही पळालो."

"तवाच काहून नाही सांगितलं?"

"तू काय म्हटलं असतं?"

मला उत्तर ठाऊक होते. पळपुट्याने स्वतःला झाकायला भूत उभे केले, असे म्हणालो असतो. बाजारभर म्हणालो असतो.

"एक हाक तं द्याची," मी म्हणालो. माझा आवाज चढला होता.

"दिली गा. तोंडातून आवाज नाही निघाला."

हे सगळे त्यांनी इतक्या सरळ सांगितले की माझ्यातला व्यापारी जागा झाला. इतक्या वर्षांत माणूस कोणतीही गोष्ट घासून गुळगुळीत करू शकतो. मी खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि आमच्या दोघांच्या मधे टाकला. दिसत नसले तरी कापड पडल्याचा आवाज त्यांनी ओळखला. त्यांचा उजवा हात आपसूक पुढे आला आणि कापडाखाली गेला.

"आता सांगा," मी म्हणालो. "तो होता?"

हात वाळला होता. सांधे वर आले होते. त्या हाताने माझी चारही बोटे मुठीत घेतली आणि बंद केली. घट्ट.

मला काय वाटले ते मी लिहिणार नाही. लिहायला गेलो तर ते राग सुटल्यासारखे होईल, आणि तो पूर्ण सुटलेला नाही. त्या एका हाकेसाठी मी अजून त्यांना सोडलेले नाही. पण एक गोष्ट ध्यानात आली.

"दार नाही वाजवलं आज?" मी विचारले.

"ते माहं नव्हतंच. त्याचं होतं. त्यानं शिकवलं. नदीतल्या त्या दिवसापासून म्या कोणाचंच नाही वाजवलं."

मूठ सैल झाली, पण हात तिथेच राहिला.

"कसा होता?" भाऊजी म्हणाले.

"काय?"

"हात. दाखव."

मी त्यांच्या तळव्याचा खळगा शोधला. अंगठा ठेवला आणि दाबला, जसा नदीत माझ्या तळव्यात दाबला गेला होता तसा, एकदाच, जरा उजवीकडे झुकता. भाऊजींचा श्वास थांबला. डोळ्यांची साय माझ्या दिशेने होती, पण माझ्याकडे नव्हती.

"दरसाल जात होतो म्या त्या डोहावर," ते हळू म्हणाले. "दिसत होतं तोवर. हात पाण्यात घालून बसायचो. मले कधी नाही दिला त्यानं. तुले दिला." मग म्हणाले, "मूठ बंद केली होती त्यानं?"

"नाही. दाबलं, ओढलं अन् सोडून देलं."

"मंग सौदा उघडा हाय तुहा. झाला नाही अजून." ते हसल्यासारखे झाले. "अजून एक वेळ दाखव."

मी पुन्हा दाबले. नोव्हेंबरचे कोरडे ऊन पडवीत पसरले होते, आणि माझे मनगट कोपरापर्यंत थंड पडत चालले होते.

बहीण चहा घेऊन दारात आली आणि उभी राहिली.

"काय विकून राहिले गा दोघं?" ती म्हणाली. "घरात एक शेळी बी नाही."

"थांब वं," भाऊजी म्हणाले. "भाव होऊन राहिला."

तिने कप खाटेच्या पायाशी ठेवले. भाऊजींनी हात काढला नाही. मीही काढला नाही.